एलीयासाठी मांडलेले आसन

(आगमनकाळाचा पाठ. घरी वाचावयाचे शास्त्रभाग : मलाखी अध्याय ४, लूक १:५–२५, लूक ३:१–१८.)

नाताळापूर्वीच्या चार रविवारांपासून जो काळ सुरू होतो त्यास आगमनकाळ म्हणतात. आमच्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ मंडळ्यांत वडील माणसे अजून विचारतात की, हा काळ आमच्यात कोठून आला? प्रश्न वाजवी आहे. ज्या अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांनी महाराष्ट्रात पुष्कळ मंडळ्या स्थापन केल्या, त्यांच्या परंपरेत वर्षाचे सणकाळ नेमून पाळण्याची चाल फारशी नव्हती. पुढे १९७० साली नोव्हेंबरच्या २९ तारखेस नागपूर येथे निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली, आणि तो दिवस नेमका आगमनकाळाचा पहिला रविवार होता. तेव्हापासून जांभळे वस्त्र व चार मेणबत्त्या आमच्याही पुष्कळ उपासनामंदिरांत दिसू लागल्या. शास्त्रात या काळाविषयी आज्ञा नाही हे आम्हांस मान्य आहे. परंतु वाट पाहण्याविषयी शास्त्रात पुष्कळ आहे, आणि वाट पाहणे ही गोष्ट एका दिवसात शिकता येत नाही.

वाट पाहणे म्हणजे काय हे शिकावयास आम्ही पेण व रोहे या तालुक्यांच्या ख्रिस्ती जनांस दूर पाठवू इच्छीत नाही. आमच्याच गावांत, आमच्याच भाषेत, आमच्यापेक्षा फार अधिक काळ एका कुटुंबसमूहाने वाट पाहिली आहे. ते म्हणजे बेने इस्राएल लोक. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर ही आडनावे वाचकांनी ऐकली असतील. ती त्यांच्या गावांवरून पडली आहेत. त्यांची परंपरा अशी की, फार पूर्वी अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. ग्रंथ समुद्रात गेले. इब्री भाषा हळूहळू विसरली गेली. राहिले ते थोडे : सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, देव एकच आहे असे सांगणारे एक वचन, आणि शनिवारी काम न करणे. तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कुलाबा जिल्ह्यातील लोक त्यांस शनिवार तेली म्हणू लागले. (१९८१ पासून या जिल्ह्यास रायगड म्हणतात, जुन्या कागदांत कुलाबा आढळेल.) त्यांचे सभास्थान पेणेत आहे, अलिबागेच्या इस्राएल आळीत आहे, रेवदंड्यासही आहे.

या लोकांची एलीया संदेष्ट्यावर फार भक्ती. ते त्यास एलियाहू हन्नाबी म्हणतात. अलिबागेजवळ खंडाळे येथे एका खडकावर खुणा आहेत. एलीया तेथे प्रगट झाला व तेथूनच वर गेला आणि त्याच्या रथाची ती खूण राहिली, असे ते सांगतात. खडकाविषयी आम्ही काही म्हणत नाही. शास्त्र एलीयाचे स्वर्गारोहण यार्देनेच्या पलीकडे झाल्याचे सांगते, आणि आम्हांस तेवढे पुरे आहे. परंतु ज्यांच्या हातून ग्रंथ गेले त्यांनी त्या संदेष्ट्यास आपल्या कोकणच्या खडकावर आणून बसविले, हे आम्हांस हसण्याजोगे वाटत नाही. नवस फेडताना किंवा शुभकार्याच्या वेळी ते मलिदा करतात. भिजविलेले पोहे, गूळ वा साखर, ओले खोबरे, सुका मेवा व फळे एका तबकात मांडून एलीयाचे स्मरण करणारे गीत म्हणतात व मग सर्वजण वाटून खातात. ज्या पेणेचे पोहे व पापड मुंबईपर्यंत जातात तेथील लोकांनी अर्पणासाठी पोहेच निवडावे यात नवल नाही.

त्यांची आणखी एक रीत या पाठासाठी ध्यानात ठेवावी. मुलाच्या सुंतेच्या वेळी सभास्थानात दोन आसने असतात. एकावर मुलास मांडीवर घेणारा बसतो. दुसरे एलीयासाठी असते, आणि ते रिकामे राहते. घरात बालक आले की पहिला विचार असा की, कदाचित आज तो संदेष्टा येईल; त्यास बसावयास जागा हवी.

एलीयाच्या येण्याविषयीचे वचन मलाखीच्या चौथ्या अध्यायात आहे. आपल्या जुन्या कराराचे हे शेवटचे पान. तेथे देव सांगतो की, तो महान व भयंकर दिवस येण्यापूर्वी मी एलीयास पाठवीन, आणि तो बापांची मने मुलांकडे व मुलांची मने त्यांच्या बापांकडे वळवील. वाचकांनी येथे थांबून पाहावे. एलीया येऊन काय करणार? त्याने पूर्वी अग्नी उतरविला, पाऊस थांबविला व पाडला, राजाच्या तोंडावर सत्य सांगितले. तो परत येईल तेव्हा यांपैकी कशाचेही नाव या वचनात नाही. तो घर नीट करणार आहे. प्रभूच्या येण्याची तयारी घराच्या उंबऱ्याच्या आत, बाप व मूल यांच्यामध्ये व्हावयाची आहे.

मलाखीनंतर सुमारे चारशे वर्षे गेली. मग लूक आपणांस मंदिरात नेतो. जखऱ्या याजक धूप जाळीत आहे. तो व अलीशिबा वयोवृद्ध, मूलबाळ नाही. देवदूत त्यास पुत्राचे वचन देतो आणि बाप व मुले यांविषयीचा मलाखीचाच शब्द त्याच्यापुढे ठेवतो : हा मुलगा एलीयाच्या आत्म्याने व सामर्थ्याने प्रभूपुढे चालेल. ज्या म्हाताऱ्याने बाप होण्याची आशा सोडली होती त्याच्याच घरी हे काम सुरू व्हावे, ही देवाची रीत आहे. पुढे यरुशलेमेहून आलेल्या लोकांनी योहानास सरळ विचारले की, तू एलीया आहेस काय? तो म्हणाला, नाही. आणि प्रभू येशूने मात्र शिष्यांस सांगितले की, एलीया येऊन गेला, लोकांनी त्यास ओळखले नाही. योहानाने स्वतःविषयी मोठा शब्द घेतला नाही. धन्याने तो त्यास दिला.

तर एलीया आला असे आम्ही मानतो, आणि आमचे बेने इस्राएल शेजारी तो यावयाचा आहे असे मानतात. या भेदावर पूर्वी पुष्कळ बोलणे झाले. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस आले. डॉक्टर जॉन विल्सन १८२९ साली आले व त्यांनी १८३२ साली मराठीतून इब्री व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनच्या शाळांत बेने इस्राएलांची पुष्कळ मुले शिकली आणि संदेष्ट्यांचे ग्रंथ मराठीत वाचू लागली. मिशनऱ्यांची आशा वेगळी होती. बाप्तिस्मा थोड्यांनीच घेतला. बहुतेकांनी त्या विद्येचा उपयोग आपल्या पूर्वजांचा धर्म अधिक चांगला समजून घेण्यास केला. यावरून कोणी कष्टी व्हावे असे आम्हांस वाटत नाही. ज्यांचे ग्रंथ समुद्रात गेले होते त्यांस ते पुन्हा मिळाले, आणि देण्याचे काम आमच्या वडिलांस लाभले.

परंतु यहूदी लोक ख्रिस्ती लोकांस एक प्रश्न फार दिवसांपासून विचारत आले आहेत, आणि आगमनकाळात तो ऐकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मशीहा आला म्हणता, तर जग असे का? लांडगा व कोकरू एकत्र बसतील असे यशयाने सांगितले. ते कोठे बसले आहेत? या प्रश्नास प्रभू पुन्हा येणार आहे असे उत्तर आम्ही देतो, आणि ते खरे आहे. मात्र ते उत्तर देताच आम्हीही वाट पाहणाऱ्यांच्याच रांगेत जाऊन बसतो. आमच्याही घरात एक आसन रिकामे आहे.

हा प्रश्न किती जड आहे हे पाहावयाचे असेल तर दिवाळीनंतर पेण किंवा रोहे तालुक्यातील एखाद्या कातकरी वाडीत जावे. खोपट्यांची दारे बंद असतात. भात कापून झाले, मजुरी संपली, आणि वीटभट्टीवाल्याच्या माणसाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी घरेच्या घरे निघून जातात. ती परत येतात पावसाच्या तोंडी. मुले बरोबर जातात, कारण मागे त्यांस पाहणार कोण? वर्ग अर्धा सुटतो. लहानगी मुले विटा उलटीत बसतात. हिशेब भट्टीवाल्याच्या वहीत असतो, आणि पुष्कळदा हंगामाच्या शेवटी फिटण्याऐवजी उचल वाढलेली निघते. १९७६ सालच्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली आहे. कायदा चांगला आहे. परंतु ज्यास आकडे वाचता येत नाहीत त्यास वही हीच बेडी होते.

आता मलाखीचे वचन या वाडीपुढे धरावे. बापाचे मन मुलाकडे वळावे, हे ठीक. पण ज्या बापाने मुलाच्या पोटासाठीच उचल घेतली व त्या उचलीपायी मुलाची शाळा गेली, त्याचे मन मुलाकडे नव्हते असे कोण म्हणेल? त्याचे मन मुलाकडेच आहे. वळावयाची मने दुसऱ्यांची आहेत, आणि त्यांत आमचेही येते. आमच्या मंडळ्यांतील कोणी घर बांधताना विटेचा भाव करतो. ती वीट कोणाच्या मुलाने उलटली हे कोणी विचारीत नाही.

योहान यार्देनेकाठी उभा राहिला तेव्हा लोकांनी त्यास विचारले, आम्ही काय करावे? लूकच्या तिसऱ्या अध्यायातील त्याचे उत्तर वाचून आम्हांस दरवेळी आश्चर्य वाटते. इतका उग्र उपदेशक. सापाची पिले म्हणून त्याने लोकांस झोडपले. आणि सांगितले काय? उपवास सांगितला नाही, यात्रा सांगितली नाही. दोन अंगरखे असतील तर एक द्या. अन्नाचेही तसेच करा. जकातदारांनो, ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नका. शिपायांनो, कोणास दरडावून पैसे काढू नका, आपल्या पगारात समाधान माना. त्याने कोणासही धंदा सोडावयास लावले नाही. धंद्यातील हात स्वच्छ करावयास लावले. आज तो पेणेच्या बाजारात किंवा कुंडलिकेच्या काठी रोह्यास उभा राहता तर म्हणाला असता : मुकादमा, उचलीचा आकडा त्या माणसापुढे वाचून दाखव. भात मोजणाऱ्या, काटा सरळ धर. मास्तरा, जे मूल भट्टीवर गेले त्याचे नाव हजेरीपटावरून खोडण्यापूर्वी ते कोठे गेले ते शोध.

दोन अंगरख्यांचा हा उपदेश एका मोठ्या प्रमाणावर आचरणारा पुरुष पेण तालुक्यातच जन्मला होता, हे येथे सांगितले पाहिजे. विनोबा भावे १८९५ साली गागोदे येथे जन्मले. १९५१ पासून ते पायी गावोगाव हिंडून जमीनवाल्यांकडे भूमिहीनांसाठी जमीन मागत गेले. ते ख्रिस्ती नव्हते, पण त्यांनी नवा करार आस्थेने वाचला व ख्रिस्तधर्मसार या नावाने त्यातील वेचे संकलित केले. ज्याच्या हाती नवा करार नेहमीच आहे त्याने हे वाचून थोडे लाजावे.

जागे राहण्याविषयीही याच भागातील एक दाखला आहे, आणि तो खारेपाटातील शेतकऱ्यांस आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पेणेच्या पश्चिमेची पुष्कळ भातशेती समुद्राच्या भरतीपासून मातीच्या बांधांनी राखलेली आहे. अमावास्या व पौर्णिमा या सुमारास उधाण येते. बांधात चिंबोरीने बीळ केले असले तर पाणी तेथून शिरते, बीळ रुंद होते, आणि एका रात्रीत खांड पडते. खारे पाणी एकदा शेतात फिरले की ते शेत काही वर्षे पिकास मुकते. म्हणून उधाणाच्या रात्री माणसे बांधावर जातात. परंतु अनुभवी शेतकरी सांगेल की, त्या रात्रीची धावपळ हे खरे काम नव्हे. खरे काम सुक्या दिवसांत होते : बिळे शोधावयाची, चिखल घालावयाचा, चेपावयाचा. आणि ते एकट्याने होत नाही, कारण शेजाऱ्याच्या बांधास पडलेली खांड माझेही शेत बुडविते. उधाणाची तिथी तरी पंचांगात सापडते. प्रभूच्या दिवसाची तिथी कोणत्याही पंचांगात नाही, आणि जे ती काढून देतो म्हणतात त्यांच्यापासून मंडळीने दूर राहावे.

बेने इस्राएलांपैकी बहुतेक कुटुंबे १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर हळूहळू तिकडे गेली. पेणेत व रोह्यात आता थोडीच घरे आहेत. तिकडेही त्यांची वडील माणसे मराठी बोलतात, मलिदा करतात, आणि मुलाच्या सुंतेस ते दुसरे आसन मांडतात.

मलाखीचा ग्रंथ शापाच्या धमकीने संपतो. यहूदी लोक सभास्थानात तो वाचतात तेव्हा त्या शेवटच्या वचनानंतर त्याच्या आधीचे एलीयाविषयीचे वचन पुन्हा एकदा वाचतात, म्हणजे वाचन शापावर न थांबता वचनदानावर थांबते. या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेच्या वेळी आमच्या वाचकांनीही मलाखीचा चौथा अध्याय तसाच वाचावा, आणि घरातील लहान मुलाकडून ते पाचवे वचन दुसऱ्यांदा वाचवून घ्यावे. पुढील रविवारसाठी लूक १:२६–५६ पाहून ठेवावे.