हुकूम होईपर्यंत

चि. समीर,


केतकीला रविवारी घरी जेवायला बोलवायचं म्हणतोस, आणि वर 'मावशी, यात वावगं काय?' असंही विचारतोस. तिच्यावर जीव जडला यात वावगं काहीच नाही. पण त्या घरी, आत्ता, नको.

'४९७ तर केव्हाच गेलं' हे तुझं म्हणणं निम्मंच खरं. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं व्यभिचार हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. घटस्फोटाचं कारण म्हणून तो हिंदू विवाह कायद्यात शाबूत आहे. जेवायला येणं म्हणजे व्यभिचार नव्हे, एवढं मलाही कळतं. पण तुझा नि मेघनाचा घटस्फोटाचा अर्ज १३ ब खालचा, संमतीचा. ती संमती शेवटचा हुकूम होईपर्यंत मेघनाला मागे घेता येते. आणि तुमच्या सोसायटीत कोण किती वाजता आलं हे गेटवरच्या ॲपमध्ये पडतं. (ते ॲप मेघनाच्या मोबाइलवर अजून चालू असेल, हे ध्यानात आलंय का?) पोटगीचं इतक्या मुश्किलीनं जुळलंय, ते एवढ्यातेवढ्यावरून फिसकटायचं.

पण मला खरी काळजी इराची. एकाआड एक शनिवारी ती आईकडे जाते. मेघना काही विचारणार नाही. आजी मात्र वेणी घालता घालता विचारेल, 'काय गं, कोण कोण येतं घरी?' मग पोर एक तर सांगून टाकणार, नाहीतर नखं खात गप्प बसणार. आठ वर्षांची आहे ती. 'आईला सांगू नकोस हं' हे तुझ्या तोंडून तिच्या कानावर कधीही जाता कामा नये. शिवाय स्वयंपाकघरातल्या डब्यांवर अजून मेघनाच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत, भाजणी, नाचणी सत्त्व. तिथे केतकी साखरेचा डबा शोधत उभी राहिली तर इराला कसं वाटेल? आणि केतकीला तरी?

बाहेर भेटा, नाटकाला जा. हुकूम झाला की आधी मेघनाला तू स्वतः सांग, मग इराला. घाईच असेल तर ती कोर्टात कर. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून संमतीच्या अर्जावर सहा महिने थांबायची मुदत माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे. तुम्ही दोन वर्षं वेगळे राहताय, पोटगी आणि ताबा ठरलाय. तेव्हा तसा अर्ज टाकता येईल का, हे वकीलबाईंना विचार.

केतकीला बघायची उत्सुकता मलाही आहे. इरा आईकडे असेल त्या शनिवारी दोघं नाशिकला या. जेवायलाच या.

तुझी,
सुमनमावशी