दाराजवळची जागा

(पोट भरण्यासाठी माणसाला काम करावे लागते, पण माणूस केवळ पोटासाठी जगत नाही. त्याच्या मनालाही काही हवे असते. कोणाला लिहावेसे वाटते, कोणाला चित्र काढावेसे वाटते, कोणाला गावेसे वाटते. नोकरी आणि छंद यांचा मेळ कसा घालावा, हे प्रस्तुत पाठात लेखकाने आपल्या एका विद्यार्थ्याच्या आणि कवी नारायण सुर्वे यांच्या उदाहरणाने सांगितले आहे.)

शिरवणे हे नवी मुंबईतील एक जुने गाव आहे. गावाजवळून शीव-पनवेल महामार्ग जातो. जुईनगरचे रेल्वे स्टेशनही जवळच आहे. या भागात पूर्वी भातशेती होती. आधी येथे कारखाने आले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवे शहर वसू लागले. कामाच्या शोधात दूरदूरची माणसे येथे आली. आज पहाटे, दुपारी आणि रात्री, केव्हाही पाहा, रस्त्याने कोणी कामावर चाललेला असतो, तर कोणी कामावरून परतत असतो.

अशाच एका कामगाराचा मुलगा माझ्या दहावीच्या वर्गात होता. मी त्यांना मराठी शिकवीत असे. मुलगा अबोल होता. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर तो उर्दूत नज्मा लिही. मधल्या सुट्टीत कधी तरी एखादी नज्म मला वाचून दाखवी आणि लगेच वही मिटून घेई.

एके दिवशी शाळा सुटल्यावर तो माझ्याजवळ आला. त्याने ती वही माझ्या टेबलावर ठेवली.

"सर, ही वही तुमच्याजवळ राहू द्या. आता तिचे काम नाही."

"का रे? काय झाले?"

"दहावीनंतर आय. टी. आय. करायचे ठरले आहे. मग कारखान्यात नोकरी. अब्बा म्हणतात, शायरीने चूल पेटत नाही."

मी त्याला काहीच बोललो नाही. वही कपाटात ठेवली. पण त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. मुलगा नोकरी करणार, यात वाईट काहीच नव्हते. थोरल्या मुलाने घराला हातभार लावायलाच हवा. मला वाईट वाटले ते वही बंद झाल्याचे. 'नोकरी किंवा कविता, दोहोंपैकी एकच', असे त्याला कोणी शिकवले?

दुसऱ्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि वर्गाला एका माणसाची गोष्ट सांगितली.

"मुलांनो, मुंबईत १९२६ साली एक तान्हे बाळ रस्त्यावर सापडले. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने ते उचलले, घरी नेले आणि पोटच्या मुलासारखे वाढवले. त्याला आपले नाव दिले, शाळेत घातले. हाच मुलगा पुढे कवी नारायण सुर्वे म्हणून प्रसिद्ध झाला.

"चौथीपर्यंत शिक्षण झाले. पुढे गंगाराम गावी परतले आणि लहान वयातच नारायण मुंबईत एकटे राहिले. मग त्यांनी मिळेल ते काम केले. घरगडी झाले. हॉटेलात पोऱ्या म्हणून राबले. हमाली केली. गिरणीत काम केले. नंतर मुंबई महानगरपालिकेच्या शाळेत त्यांना शिपायाची नोकरी लागली. शाळेच्या शिपायाला काय काय करावे लागते, ते तुम्ही रोज पाहता. वर्ग उघडायचे, घंटा वाजवायची, कागदपत्रे इकडून तिकडे न्यायची. ही कामे करता करता त्यांनी अभ्यास केला, सातवीची परीक्षा दिली आणि पुढे ते शिक्षक झाले. शिपाई होते ते मास्तर झाले!"

मुले लक्ष देऊन ऐकत होती. आमच्या शाळेचे शिपाईचाचा दाराशी येऊन उभे राहिले होते.

"आणि कविता?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. वही देणाऱ्या मुलानेच तो विचारला होता.

"कविता तर चालूच होती. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह १९६२ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीच्या घरात होते. दुसरा संग्रह 'माझे विद्यापीठ' १९६६ साली आला आणि तिसरा 'जाहीरनामा' १९७५ साली. मधल्या नऊ वर्षांचे अंतर लक्षात घ्या. संसार आणि नोकरी सांभाळणाऱ्या माणसाचे लेखन सावकाशच होते. पण सावकाश होणे म्हणजे थांबणे नव्हे."

"सर, त्यांनी विद्यापीठात शिक्षण घेतले होते का?" एका मुलाने विचारले.

"नाही. म्हणून तर त्या नावात गंमत आहे. रस्ता, कारखाना आणि कामगारवस्ती हेच त्यांचे विद्यापीठ होते. त्यांची एक कविता आहे, 'शीगवाला'. शीगकबाब विकणारा दाऊदचाचा त्या कवितेत येतो. लिहीत बसलेल्या पोराला तो विचारतो, की तू काय लिहितोस? आणि मग त्याच्याशी बोलू लागतो. त्या कवितेची बोली तुमच्या-आमच्या गल्लीतली आहे. मराठीत उर्दू आणि हिंदी शब्द सहज मिसळले आहेत. सुर्व्यांनी उर्दू कथालेखक कृष्ण चंदर यांचे लेखनही मराठीत आणले. सांगा, हे त्यांना कोठे मिळाले? जेथे ते राबले, तेथेच मिळाले. कामाने त्यांचा वेळ घेतला, हे खरे; पण कवितेला विषयही कामानेच दिला."

मग मी मुलांना आणखी काही नावे सांगितली. गोरोबाकाका कुंभार होते. सावता माळी मळ्यात राबत. कबीर मागावर कापड विणीत. त्यांच्यापैकी कोणी काम सोडून कविता केली नाही. मुन्शी प्रेमचंद तर तुम्हांला ठाऊकच आहेत. त्यांनी आरंभी उर्दूतच लेखन केले. ते शिक्षक होते, पुढे शाळांचे उपनिरीक्षक झाले. १९२१ साली त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. पण तोपर्यंतचे सारे लेखन नोकरी सांभाळूनच झाले होते.

तास संपत आला होता. तोच तो मुलगा उभा राहिला.

"सर, एक विचारू? आमच्या घरात एकच खोली आहे. आम्ही सहा माणसे. रात्री दिवा लावला, तर धाकट्या भावंडांची झोपमोड होते. लिहायचे कोठे?"

वर्ग शांत झाला. या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. 'वेळ मिळत नाही, वेळ काढावा लागतो', असे म्हणणे सोपे असते. पण जागा कोठून काढायची?

त्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो. त्याचे अब्बा रात्रपाळीला निघण्याच्या तयारीत होते. अम्मीने त्यांचा जेवणाचा डबा भरून ठेवला होता. मी आल्याचे कारण सांगताच ते खाली बसले.

"सरसाहेब, मी शायरीच्या विरुद्ध नाही," ते म्हणाले. "तरुणपणी मीही रात्ररात्र मुशायरे ऐकले आहेत. पण पहिली तारीख आली, की घरमालक शेर ऐकून घेत नाही. याच्यामागे तीन भावंडे आहेत."

"तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे," मी म्हणालो. "त्याने आय. टी. आय. करावे, नोकरीही करावी. मी तुमच्याकडे फक्त अर्धा तास मागायला आलो आहे."

"अर्धा तास?"

"रोजचा अर्धा तास. तेवढ्या वेळात त्याला कोणी काम सांगू नये. त्यानेही त्या वेळात दुसरे काही करू नये."

ते थोडा वेळ गप्प राहिले. दाराजवळ त्यांची चटई गुंडाळून ठेवलेली होती. तिच्याकडे पाहत ते म्हणाले, "माझी रात्रपाळी असते, त्या आठवड्यात ही दाराजवळची जागा रिकामीच असते. मी दहाला निघतो. दाराबाहेर बोळातला दिवा आहे. दार थोडे उघडे ठेवले, तर त्याचा उजेड येथपर्यंत येतो. घरातला दिवा लावायला नको. साडेदहापर्यंत बसू दे त्याला. पण सकाळी शाळेला उशीर झाला, तर मी ऐकणार नाही."

"आणि तुमची दिवसपाळी असेल तेव्हा?"

"तेव्हा मी झोपलेला असेन!" ते हसले. "तेव्हा तुमच्या शाळेत बसवा."

अम्मी पदर सावरत म्हणाल्या, "भावंडांना मी सांभाळीन."

अशा रीतीने त्या घरात अर्ध्या तासाची जागा झाली. दुसऱ्या दिवशी मी कपाटातील वही काढून मुलाच्या हाती दिली. महिन्यातून काही दिवस तो शाळा सुटल्यावर आमच्या वर्गात बसू लागला. शिपाईचाचा त्याच्यासाठी एक खोली उघडी ठेवीत आणि अर्धा तास झाला, की किल्ल्यांचा जुडगा वाजवीत.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. तो मुलगा दहावी पास झाला. त्याने टर्नरचा कोर्स पूर्ण केला. आता तो जवळच्याच एका कारखान्यात लेथवर काम करतो. मागच्या महिन्यात तो मला रस्त्यात भेटला. पाळी नुकतीच सुटली होती. बोटांना अजून तेलाचा वास होता.

"काय, लिहितोस ना?" मी विचारले.

"सर, खरे सांगू? ओव्हरटाइम असला, की आठवडा आठवडा जमत नाही. मग मनाला टोचणी लागते."

"ज्या आठवड्यात जमत नाही, तो आठवडा सोडून द्यावा. सुर्व्यांच्या दोन संग्रहांत किती वर्षांचे अंतर होते?"

"नऊ," तो हसून म्हणाला. मग त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला. कागदावर तेलाचे डाग होते. एका बाजूला कसल्या तरी भागाची मापे लिहिलेली होती आणि दुसऱ्या बाजूला चार ओळी होत्या. लेथवर फिरणाऱ्या लोखंडातून निघणाऱ्या चकचकीत किसावर त्याने त्या लिहिल्या होत्या. असा विषय मी कोणत्याही पुस्तकात वाचला नव्हता. वर्गात बसून तो त्याला सुचलाही नसता.

"वहीत उतरवून घेतल्यास का?" मी विचारले.

"आज उतरवीन. अब्बांची रात्रपाळी आहे," तो म्हणाला आणि घराच्या दिशेने चालू लागला.

विद्यार्थ्यांनो, नारायण सुर्वे १९९५ साली परभणी येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९९८ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. १६ ऑगस्ट २०१० रोजी त्यांचे निधन झाले. माझ्या विद्यार्थ्याला असा मान मिळेल, असे मी म्हणत नाही. कदाचित त्याच्या नज्मा वहीबाहेर कधी येणारही नाहीत. पण काम करून घरी परतताना त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही तरी असते. त्याने पगार घरात दिला आणि कविता हातची जाऊ दिली नाही. तुमच्याही घरात अशी एखादी दाराजवळची जागा असेल. ती शोधा. आणि घरात दुसऱ्या कोणाला तिची गरज असेल, तर त्याला ती करून द्या.

शब्दार्थ

छंद – आवड, शौक
मेळ घालणे – जुळवून घेणे
अबोल – कमी बोलणारा
तान्हे बाळ – दूध पिते मूल
घरगडी – घरकाम करणारा नोकर
पोऱ्या – हॉटेलात काम करणारा मुलगा
हमाली – ओझी वाहण्याचे काम
माग – कापड विणण्याचे यंत्र, करघा
मळा – बागायती शेत
रात्रपाळी – रात्रीच्या वेळचे काम
बोळ – अरुंद गल्ली
जुडगा – (किल्ल्यांचा) झुबका
कीस – धातू कापताना निघणारे बारीक तुकडे

वाक्प्रचार

हातभार लावणे – मदत करणे
चूल पेटणे – घरात जेवण शिजणे, पोट भरणे
टोचणी लागणे – मनाला वाईट वाटत राहणे
झोपमोड होणे – झोपेत अडथळा येणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलगा नज्मा कोठे लिहीत असे?
(आ) नारायण सुर्वे यांना कोणी वाढवले?
(इ) नारायण सुर्वे यांचा पहिला कवितासंग्रह कोणता?
(ई) लेखकाने मुलाच्या अब्बांकडे काय मागितले?

२. रिकाम्या जागा भरा.
(अ) सिडकोची स्थापना ........ साली झाली.
(आ) सुर्व्यांनी उर्दू कथालेखक ........ यांचे लेखन मराठीत आणले.
(इ) सावकाश होणे म्हणजे ........ नव्हे.

३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "आता तिचे काम नाही."
(आ) "पण पहिली तारीख आली, की घरमालक शेर ऐकून घेत नाही."
(इ) "भावंडांना मी सांभाळीन."

४. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नारायण सुर्वे यांनी कोणकोणती कामे केली?
(आ) 'कवितेला विषयही कामानेच दिला', हे लेखकाने कोणत्या उदाहरणांनी पटवून दिले आहे?
(इ) मुलाच्या अब्बांचे म्हणणे तुम्हांला योग्य वाटते का? कारण लिहा.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
हातभार लावणे, मेळ घालणे, टोचणी लागणे

६. वचन बदला.
वही, कारखाना, गिरणी, किल्ली, दिवा

७. उपक्रम
तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या नोकरी करणाऱ्या व्यक्तीला कोणता छंद आहे, ते विचारा. त्यासाठी ती व्यक्ती वेळ व जागा कशी काढते, याची माहिती मराठीत आठ-दहा ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.