काळ्या टी-शर्टवर कोणती शाई?

प्रश्न : मंडळाचे काळे सुती टी-शर्ट छापायचे आहेत. प्लास्टिसोल घ्यावी की वॉटर-बेस?

उत्तर : काळ्यावर प्लास्टिसोलच घ्या. वॉटर-बेस शाई धाग्यात मुरते, म्हणून हाताला मऊ लागते. पण त्याचमुळे खालचा काळा रंग तिला गिळतो. शिवाय ती छपाईच्या जाळीतच वाळून छिद्रं बुजवते. प्लास्टिसोल म्हणजे तेलकट द्रवात कालवलेले पीव्हीसीचे कण. त्यांचा थर कापडाच्या वर बसतो, रंग उठून दिसतो. ‘ती तडकते’ ही तक्रार खरी, पण दोष बहुधा शाईचा नसून भट्टीचा असतो : थर आतपर्यंत साधारण १६० अंश सेल्सिअसला तापला नाही की तडे जाणारच. म्हणून माल उचलण्याआधी एक छापील नमुना ताणून पाहा. तडकला तर घेऊ नका. जाड थराखाली घाम येतो, हे मात्र मान्य. तेव्हा चित्र छातीभर नको, आणि छपाईवर थेट इस्त्री तर नकोच.