शपथेआधी गणपतीला येता येईल?

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते. ग्रीन कार्डावरून अमेरिकी नागरिकत्वाचा अर्ज केलाय, मुलाखत व्हायची आहे. गणपतीला घरी आली तर अर्ज अडकेल का?
– एक वाचक, कासू, ता. पेण

उत्तर : लेकीला खुशाल बोलवा. नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज प्रलंबित असताना परदेशी जायला वेगळी परवानगी लागत नाही; ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट वैध हवेत. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास मात्र तिथले वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरतात. अर्जानंतरची गैरहजेरीही यात मोजली जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मला जास्त काळजी मुलाखतीच्या पत्राची वाटते. ते तिथल्या पत्त्यावर येईल, तेव्हा उघडून कळवणारे कोणी असू द्या. तारीख जमणार नसेल तर आधीच कळवून बदलून घ्यावी. न कळवता गैरहजर राहिल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

नागरिकत्वाच्या शपथेनंतर सगळेच बदलते. ग्रीन कार्ड जमा होते आणि आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते. जुन्या पासपोर्टवर तिने मुळीच प्रवास करू नये. आधी अमेरिकी पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट रद्द करून घेणे आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड किंवा व्हिसा. यात बराच वेळ जातो, म्हणून शपथ सणाच्या तोंडावर आली तर तिकीट पुढे ढकला.