रविवारच्या शाळेतला पडदा

प्रिय सोनू,



रविवारची शाळा आता तुझ्याकडे आली आणि मंडळीने प्रोजेक्टरही घेऊन दिला, हे वाचून फार बरं वाटलं. काय दाखवू, किती दाखवू, असं तू विचारतेस. माझं म्हणणं एवढंच, मुलांना बघायला कमी दे आणि करायला जास्त दे.

तयार कार्टून हवी तेवढी मिळतात. पण त्यांतला पेत्र गोरापान, होडी परकी, आणि अर्धा तास मुलाला तोंड उघडावं लागत नाही. तुमच्या रत्नागिरीत तर गोष्टच दाराशी आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, मिरकरवाडा बंदरात जाळ्यांची डागडुजी चालते. मोठ्या मुलांना एकदोन पालकांसह तिथे ने. होडी चालवणाऱ्या एखाद्या तांडेलाला विचारून जाळं सांधणाऱ्या त्याच्या हातांचं चित्रण मुलांनाच फोनवर करू दे. रविवारी ते पडद्यावर लाव आणि मत्तयाचा चौथा अध्याय वाच. याकोब आणि योहान बापाबरोबर होडीत जाळी नीट करत होते, तेव्हा प्रभूने त्यांना हाक मारली. होडी आणि बाप मागे टाकून ते निघाले. ज्या मुलाने ते काम जवळून पाहिलंय, त्याला या निघण्याची किंमत कळेल.

करायला देण्याची ही वाट कवी नारायण वामन टिळकांनीही धरली होती. ते तुमच्याच जिल्ह्यातले, १८६१ साली करजगावला जन्मलेले. ख्रिस्ताची कथा सांगायला त्यांनी अभंग, भजन, कीर्तन हाती घेतलं, कारण त्यात ऐकणाराही टाळी देतो, धृपद धरतो. कुठलंही साधन मी याच कसोटीला लावते. टिळकांची भजनं ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात छापलेली आहेत, पण चाली मंडळीतल्या आज्यांच्या गळ्यात आहेत. मुलांना फोन घेऊन त्यांच्याकडे पाठव, चाली रेकॉर्ड करू दे. मुंबईला गेलेल्या कुटुंबांतली मुलंही त्या ऐकून शिकतील. मला विचारशील तर प्रोजेक्टरपेक्षा हे काम मोठं आहे.

एका बाबतीत मात्र कडक राहा. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो ग्रुपवर टाकू नकोस. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. निरोप पालकांच्या फोनवरच जावेत. कुठल्याही शिक्षकाने मुलाला एकट्याला मेसेज करायचा नाही, हा नियम पाळकांच्या संमतीने लिहून भिंतीवर लाव.

पावसात वीज जाईल, तेव्हा गोष्ट तोंडपाठ असू दे.

मिरकरवाड्याला मात्र जुलै संपायच्या आत जाऊन ये. बंदी उठली की तांडेल समुद्रावर जातील.

तुझी,
आत्या