निःशब्द भूमिका

नटाने पाठ केलेली वाक्ये म्हणून दाखविली की त्याचे काम संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ज्या माणसाची भूमिका करावयाची, तो कसा चालतो, कशाला भितो, रागावला म्हणजे काय करतो, हे सारे नटाला आधी शिकून घ्यावे लागते. मग ज्या भूमिकेत मोठ्याने बोलण्याचीच सोय नाही, तिची तयारी कशी होत असेल?

‘अ क्वाएट प्लेस’ हा अमेरिकन चित्रपट २०१८ साली प्रदर्शित झाला. त्याची कथा काल्पनिक आहे. पृथ्वीवर भयंकर प्राणी अवतरतात. त्यांना दिसत नाही; परंतु त्यांचे कान अतिशय तीक्ष्ण असतात. कोठे भांडे पडले की तत्काळ ते झडप घालतात. गावेच्या गावे ओस पडतात. एका शेतावर मात्र अ‍ॅबट कुटुंब तग धरून असते. ही माणसे अनवाणी चालतात, पायवाटांवर वाळू पसरतात आणि हातांच्या खुणांनी बोलतात. त्यांची थोरली मुलगी रीगन कर्णबधिर असल्यामुळे खुणांची भाषा घरात सर्वांना येत असते. संकटकाळी तीच त्यांचे प्राण वाचविते.

रीगनची भूमिका कर्णबधिर मुलीनेच करावी, असा दिग्दर्शक जॉन क्रासिन्स्की यांचा आग्रह होता. अभिनयाबरोबरच तशा जीवनाची खरी माहितीही तिच्याकडून मिळावी, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी मिलिसेंट सिमंड्स हिची निवड केली. मिलिसेंटचा जन्म २००३ साली अमेरिकेतील यूटा राज्यात झाला. ती वर्षाचीही झाली नव्हती, तोच औषधाची मात्रा अधिक झाल्यामुळे तिची श्रवणशक्ती गेली. तेव्हा तिच्या घरच्यांनी तिच्यासाठी खुणांची भाषा शिकून घेतली. ‘अ क्वाएट प्लेस’ प्रदर्शित झाला, त्या वेळी ती अवघी पंधरा वर्षांची होती.

आता ऐकू येणाऱ्या नटांची परीक्षा होती. वडिलांचे काम स्वतः क्रासिन्स्की करणार होते, आईचे एमिली ब्लंट आणि भावाचे नोआ जूप. या तिघांनाही अमेरिकन खुणांच्या भाषेचे धडे घ्यावे लागले. या भाषेत बोटे वळविता आली म्हणजे पुरेसे होत नाही. चेहरा हा तिच्या व्याकरणाचाच भाग आहे. ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर हवे असेल, तर भुवया वर उचलाव्या लागतात. ‘काय’, ‘कोठे’, ‘का’ असे विचारताना त्या आक्रसाव्या लागतात. शिवाय प्रत्येकाची बोलण्याची ढब निराळी ठेवावयाची होती. जीव वाचविण्याच्या काळजीत असलेल्या वडिलांच्या खुणा तुटक, तर आईच्या अधिक लयदार. या कामी मिलिसेंटची सर्वांना मोठी मदत झाली.

तिचे स्वतःचे कामही सोपे नव्हते. दिग्दर्शकाच्या सूचना दुभाष्याकडून खुणांनी समजून घेऊन ती काम करीत असे. रीगनने दिलेल्या खेळण्याचा आवाज होऊन तिचा धाकटा भाऊ प्राणास मुकलेला असतो. त्यामुळे वडिलांचे आपल्यावर प्रेम राहिलेले नाही, असे तिला वाटत असते. हे दुःख आणि हा राग केवळ डोळ्यांतून व हातांतून प्रकट करावयाचा होता.

अखेरच्या एका प्रसंगी मुलांना वाचविण्यासाठी वडील स्वतःचा प्राण देतात. त्यापूर्वी ते मुलीला खुणांनी सांगतात, की माझे तुझ्यावर प्रेम आहे. मूळ लेखनात एवढेच होते. मिलिसेंटने सुचविले, की ते नेहमीच होते, असेही वडिलांनी म्हणावे. जी मुलगी इतके दिवस मनात झुरत होती, तिला गेलेल्या दिवसांबद्दलही खात्री हवी होती. रीगनचे मन मिलिसेंटला किती खोलवर समजले होते, हे या एका सूचनेवरून दिसते. दिग्दर्शकाने ती आनंदाने स्वीकारली. पुढे २०२१ साली या चित्रपटाचा दुसरा भाग आला, तेव्हा रीगनकडे कथेतील प्रमुख स्थान आले.

खुणांची भाषा सर्व देशांत एकच नसते. भारतातील कर्णबधिर माणसांची भाषा अमेरिकेतील भाषेहून निराळी आहे. आपल्या शेजारी किंवा शाळेत एखादे कर्णबधिर मूल असेल, तर त्याच्याकडून तिच्या चार खुणा शिकून पाहाव्यात. त्याला आपल्याशी किती बोलावयाचे होते, हे तेव्हा कळेल.

स्वाध्याय
१. अ‍ॅबट कुटुंबाला खुणांची भाषा आधीपासून का येत होती?
२. खुणांच्या भाषेत चेहऱ्याचे काय महत्त्व आहे?
३. मिलिसेंटने कोणती सूचना केली? ती तुम्हांला योग्य वाटते का? कारण सांगा.