स्मृतिनाशाच्या व्याधीची आनुवंशिक बाजू

वृद्ध मनुष्य विसरू लागला की त्यास म्हातारचळ म्हणून सोडून देण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. परंतु जर्मन वैद्य अ‍ॅलॉइस अल्झायमर यांनी 1906 साली वर्णिलेला रोग हा केवळ वार्धक्याचा परिणाम नव्हे. मेंदूतील पेशी नष्ट करणारी ती स्वतंत्र व्याधी आहे. काही घराण्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या का आढळते, या प्रश्नातून तिच्या जनुकांचा शोध सुरू झाला.

पहिले यश अशा घराण्यांतच लाभले. 1991 साली लंडनच्या संशोधकांना 21 व्या गुणसूत्रावरील एका जनुकात दोष आढळला. 1995 साली 14 व्या आणि पहिल्या गुणसूत्रांवरील आणखी दोन जनुकांचा छडा लागला. हे दोष प्रबळ असतात. माता किंवा पिता यांपैकी एकाकडून दोष आला, तरी बहुधा साठीच्या आतच रोग गाठतो. मात्र अशी घराणी अत्यंत विरळा. शंभर रुग्णांत असा एखादाच निघेल.

उरलेल्यांचे काय? 1993 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात अ‍ॅलन रोझेस यांच्या पथकाने 19 व्या गुणसूत्रावरील अपोलायपोप्रोटीन-ई या जनुकाकडे बोट दाखविले. त्यापासून बनणारे प्रथिन रक्तातील कोलेस्टेरॉल वाहून नेते, एवढेच तोवर प्रामुख्याने ठाऊक होते. हृदयविकाराच्या अभ्यासकांचे हे प्रथिन स्मृतीशी कसे निगडित असेल, अशी शंका अनेक तज्ज्ञांनी घेतली. पुढे ठिकठिकाणच्या तपासण्यांनी हा निष्कर्ष खरा ठरविला. या जनुकाचे तीन प्रकार आहेत. त्यांपैकी चौथ्या क्रमांकाने ओळखला जाणारा प्रकार एका पालकाकडून आल्यास, युरोपीय वंशाच्या लोकांत, रोगाचा संभव सुमारे तिपटीने वाढतो. दोघांकडून आल्यास तो आठ ते बारा पट होतो. तरीही हा प्रकार असलेली कित्येक माणसे अखेरपर्यंत शाबूत स्मृतीने जगतात, आणि तो नसलेल्यांनाही रोग होतो. संभव वाढणे आणि रोग ठरलेला असणे, यांत मोठे अंतर आहे.

भारतात हरियाणातील बल्लभगड येथील ग्रामीण वृद्धांची तुलना अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या एका खोऱ्यातील वृद्धांशी करण्यात आली. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चौथ्या प्रकाराचे प्रमाण बल्लभगडला शेकडा 7, तर तिकडे 11 आढळले. रोगाशी त्याचा संबंध मात्र दोन्हीकडे सारखाच होता. म्हणजे जनुक तेच, परंतु ते बाळगणारे येथे कमी. बल्लभगडला रोगाचे प्रमाणही अल्प निघाले. अर्थात, आयुर्मान कमी असल्याचा त्यात वाटा असू शकतो, हे ध्यानी ठेवावयास हवे.

2022 साली जनुकसंचातील 75 स्थाने या रोगाशी निगडित असल्याचे जाहीर झाले. त्यासाठी तपासलेले बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे होते. त्यावरून बेतलेली अनुमाने भारतीय रुग्णास तंतोतंत लागू पडतील असे मानणे धाडसाचे ठरेल. इकडे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार देशातील 60 वर्षांवरील शेकडा 7.4 व्यक्तींना स्मृतिभ्रंशाने ग्रासले आहे. ही संख्या सुमारे 88 लाख भरते.

निरोगी व्यक्तीने केवळ कुतूहलापोटी ही जनुकचाचणी करून घेऊ नये, असेच बहुतेक तज्ज्ञ सांगतात. अलीकडे आलेल्या प्रतिपिंडयुक्त औषधांनी मात्र चाचणीस नवे प्रयोजन दिले आहे. दोन्ही पालकांकडून चौथा प्रकार आलेल्या रुग्णांत या औषधांमुळे मेंदूस सूज येण्याचा वा रक्तस्राव होण्याचा धोका अधिक असतो. म्हणून उपचारापूर्वी ती करून घेण्याचा सल्ला दिला जातो.